स्त्रीरोग शाखा घ्यावी का, आणि घेतली तर पुढे काय

प्रश्न थोडक्यात असा: इंटर्नशिप संपत आलेल्या एका विद्यार्थिनीला नीट-पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या) रँकवर ओबीजीवाय, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र, मिळतंय, त्वचारोग थोडक्यात हुकलं. सरकारी कॉलेजची एमएसची जागा आणि शहरातल्या खासगी हॉस्पिटलची डीएनबी (एमएसच्या बरोबरीची पदवी), दोन्ही हाताशी आहेत. घरचे म्हणतात, मुलीला हीच शाखा बरी. सिनियर म्हणतात, झोपेचं वाटोळं आणि वर कोर्टकचेऱ्या. पुढेमागे तालुक्याच्या गावी स्वतःचं मॅटर्निटी होम काढायचा विचार आहे. तिच्याच बॅचच्या एका मुलाने विचारलंय की पुरुषाने या शाखेत यावं का.

आधी उत्तर देतो, कारणं मग. ज्याला तासन् तास काही न करता लक्ष ठेवून बसणं जमतं आणि वेळ आली की पाच मिनिटांत निर्णय घेणंही जमतं, त्याने ही शाखा बिनधास्त घ्यावी. रात्रींना घाबरून सोडू नका. रात्री सर्जनलाही येतात, मेडिसिनवाल्यालाही येतात, आणि त्या निभावतात. या शाखेत माणूस मोडतो तो एकट्याने प्रॅक्टिस करायला लागल्यावर. म्हणून जागा निवडताना, गाव निवडताना, भागीदार निवडताना एकच गोष्ट तपासा: रात्री दोन वाजता तुमच्या शेजारी कोण उभं असेल?

ही शाखा बाकीच्यांपेक्षा वेगळी का, तर इथला बहुतेक पेशंट आजारी नसतो. हार्ट अटॅकचा पेशंट दगावला तर घरचे नशिबाला बोल लावतात. बाळंतपणासाठी चालत आलेली पंचविशीतली बाई गेली, तर चूक डॉक्टरचीच असणार असं गृहीत धरलं जातं. महाराष्ट्रात मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२०च्या आकडेवारीनुसार लाखाला ३३ होतं, देशाचं ९७. म्हणजे हल्ली मृत्यू विरळा झालाय, आणि विरळा झाल्यामुळेच तो कोणाच्या कल्पनेत नसतो. नातेवाइकांच्या तर नाहीच, पुष्कळदा डॉक्टरच्याही नाही.

लेबर रूमपासून सुरुवात करू, कारण तीन वर्षांतलं खरं शिक्षण तिथेच होतं. पहिल्या वर्षी तुम्ही रक्त काढाल, ट्रॉली ढकलाल, ब्लड बँकेच्या खिडकीपाशी उभ्या राहाल. त्यात जे वाया जातं ते जाऊ द्या, पण बाईच्या पोटावर हात ठेवून दहा मिनिटं कळा मोजणं मात्र सोडू नका. मॉनिटरचा कागद कळ आली एवढं सांगतो, ती किती जोराची होती ते हातालाच कळतं. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत असतील तर ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध) बंद करायचं, मग गर्भपिशवीचं तोंड किती का उघडलेलं असेना. बाळाचे ठोके कळ ओसरल्या ओसरल्या पूर्ण एक मिनिट ऐकायचे. नॉर्मल ११० ते १६०. पहिल्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत, १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावायला लागल्यावर दर ५ मिनिटांनी. कळ नसताना दहा सेकंद ऐकून सहाने गुणलं तर कळेनंतर घसरणारे ठोके हमखास निसटतात.

ऑक्सिटोसिनचं गणित तोंडपाठ हवं. ५०० मिलि सलाइनमध्ये किंवा रिंगर लॅक्टेटमध्ये ५ युनिट घातले की १ मिलिमध्ये १० मिलियुनिट येतात. २० थेंबांना १ मिलि देणारा सेट असेल तर एक थेंब म्हणजे अर्धा मिलियुनिट. सुरुवात मिनिटाला ४ थेंबांनी, म्हणजे २ मिलियुनिटने. मग दर अर्ध्या तासाने कळा पाहून ४-४ थेंब वाढवायचे. ठोक्यांत बिघाड झाला की पहिलं काम थेंब बंद करणं, दुसरं बाईला डाव्या कुशीवर वळवणं. 'सिस्टर, जरा फास्ट करा' असा तोंडी आदेश कधीच देऊ नका. फास्ट म्हणजे किती, हे प्रत्येक सिस्टर आपापल्या परीने ठरवते.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र ऑक्सिटोसिनची नाही, घाईची आहे. जुन्या पार्टोग्राममध्ये (प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यात) पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यापासून प्रसूती 'सुरू' धरत आणि तासाला १ सेंटिमीटरची अपेक्षा ठेवत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही सुरुवात ५ सेंटिमीटरवर नेली आणि तासाला एकचा आग्रह सोडला. पहिलटकरणीला ३ सेंटिमीटरवर भरती करायचं, लगेच पाणी फोडायचं, ऑक्सिटोसिन लावायचं आणि सहा तासांनी 'प्रोग्रेस नाही' लिहून सिझर करायचं, हा प्रकार सगळीकडे चालतो. त्या बाईची प्रसूती अडलेलीच नसते, ती सुरूच झालेली नसते.

दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यानंतरची, फसगत वेगळी. डोक्याला सूज आलेली असते, हाडं एकमेकांवर चढलेली असतात आणि आतून तपासताना बोटाला वाटतं डोकं खाली आलंय. प्रत्यक्षात आलेली असते ती सूज. म्हणून व्हॅक्युम (डोक्याला कप लावून बाळ ओढायचं साधन) लावायच्या आधी पोटावरून डोकं किती लागतं ते पाहायचंच. पाचातला एकाहून जास्त हिस्सा वर लागत असेल तर व्हॅक्युम बाजूला ठेवा. कप मागच्या टाळूच्या साधारण ३ सेंटिमीटर पुढे, मधल्या रेषेवर बसायला हवा. तो पुढे सरकला की ओढताना हनुवटी छातीपासून सुटते, डोकं रुंद बाजूने येऊ पाहतं आणि कप निसटतो. तीन कळांमध्ये डोकं सरकत नसेल, कप दोनदा सुटला असेल किंवा वीस मिनिटं झाली असतील, तर थांबायचं. 'अजून एकदा पाहू' हा विचार बाळाच्या कवटीला भोवतो.

अशा वेळी केलेलं सिझर हे साध्या सिझरसारखं नसतं. पिशवीचा खालचा भाग इतका ताणलेला आणि पातळ असतो की नेहमीच्या जागी छेद घेतला तर तो चक्क योनीमार्गात किंवा मूत्राशयाशी जातो. छेद वर घ्यायचा. डोकं ओटीपोटात घट्ट रुतलेलं असतं. त्याच्या खाली हात घालून उचकटलं की छेद कडेला फाटत जाऊन गर्भाशयाच्या मुख्य रक्तवाहिन्या फाटतात. इथे डॉ. पटवर्धनांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत कामाला येते. ती आजही भारतात शिकवली जाते आणि जगभरच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत त्यांच्याच नावाने आहे. छेदापाशी खांदा दिसतो, तो हात आधी बाहेर घ्यायचा, मग दुसरा खांदा. छातीभोवती दोन्ही हात धरून, असिस्टंटने वरून हलका दाब दिला की धड, कुल्ले आणि पाय बाहेर येतात. डोकं सगळ्यात शेवटी वर उचललं जातं. हे पुस्तकात वाचून येत नाही. रेसिडेन्सीत, म्हणजे पीजीच्या या तीन वर्षांत, निदान काही वेळा हातात हात धरून करून घेतलेलं असावं लागतं.

आता रक्तस्राव. दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं. वार सुटल्यावर त्या रक्तवाहिन्या बंद ठेवतं ते फक्त गर्भाशयाचं आकुंचन. बाळ आल्यावर मिनिटभरात १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत, गर्भाशय आवळलेलं असतानाच नाळ ओढायची, दुसऱ्या हाताने ओटीपोटाच्या पुढच्या (जघन) हाडावरून गर्भाशय वर धरून ठेवायचं. सैल पिशवीवर नाळ ओढली तर पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते. गेलेलं रक्त डोळ्यांनी मोजू नका. अंदाज नेहमी कमी निघतो, अनेकदा निम्म्यावर. बाईखाली खुणा असलेली प्लास्टिकची मोजपिशवी घाला. बेळगावात विकसित झालेली अशी मोजपिशवी फार महाग नाही आणि तिच्याइतकी उपयोगी वस्तू लेबर रूममध्ये दुसरी नसेल. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांतला ई-मोटिव्ह अभ्यास आला. त्याने दाखवलं की मोजून लवकर ओळखणं आणि सगळे उपाय एकदम करणं या दोहोंनी गंभीर रक्तस्राव निम्म्याहून कमी होतो. 'एकदम' या शब्दावर जोर आहे. आधी मसाज करून पाहू, मग इंजेक्शन, मग दुसरं इंजेक्शन, असं टप्प्याटप्प्याने जाण्यात पाऊण तास निघून जातो.

पहिल्या दहा मिनिटांत काय होतं ते जवळून पाहा. एक जण पिशवीवर हात ठेवून मसाज करतो. दुसरा दोन जाड व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायच्या सुया) लावतो, करड्या रंगाचे १६ नंबरचे; गुलाबी २० नंबरमधून काहीही पुरेसं जात नाही. क्रॉसमॅचचं (रक्त जुळवून पाहण्यासाठीचं) रक्त त्याच सुईतून काढतो. ऑक्सिटोसिन सलाइनमधून सुरू होतं, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून जातं. ते प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोगी. तिसरा लघवीची नळी घालतो, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. पिशवी आवळणाऱ्या बाकीच्या इंजेक्शनांपैकी, प्रेशर जास्त असेल तर मेथर्जिन नाही. दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नाही. नसेल तर २५० मायक्रोग्रॅम स्नायूत, पंधरा मिनिटांच्या अंतराने, जास्तीत जास्त आठ डोस. आणि पिशवी हाताला टणक लागतेय तरी रक्त वाहतंय, असं असेल तर औषधं थांबवून प्रकाशात बघायचं. स्पंज होल्डरने पिशवीचं तोंड घड्याळाच्या काट्यांसारखं क्रमाने फिरून तपासायचं. फाटण्याच्या नेहमीच्या जागा तीन आणि नऊ वाजण्याच्या. ५ मिलि रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन खिशात ठेवा. दहा मिनिटांत गुठळी झाली नाही तर रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडलीय. नुसत्या लाल पेशी देऊन भागणार नाही, प्लाझ्मा मागवा.

याने थांबलं नाही तर पिशवीत फुगा: कंडोम कॅथेटरला बांधून २५० ते ५०० मिलि सलाइन. तेही चाललं नाही तर पोट उघडून दाबाचे टाके, रक्तवाहिन्या बांधणं, आणि शेवटी पिशवी काढणं. आता वरच्या सगळ्या कामांतली माणसं मोजा. पिशवी दाबणारा, शिरा लावणारा, औषधं भरणारा, वेळा लिहिणारा, रक्ताच्या मागे धावणारा, नातेवाइकांशी बोलणारा. किमान पाच-सहा माणसं लागतात. पिशवी काढायचा निर्णय एकट्या डॉक्टरला घेववत नाही. विशीतली बाई असते, पहिलंच बाळ असतं, आणि हात थबकतो. दुसरा स्त्रीरोगतज्ज्ञ शेजारी असला तर तोच निर्णय वीस मिनिटं आधी होतो. ती वीस मिनिटंच बाई जगते की नाही ते ठरवतात.

तुमच्या तालुक्याच्या बेताचं उत्तर यातच आहे. गाव निवडताना लोकसंख्या आणि स्पर्धा नंतर पाहा, आधी रात्री दोनला घड्याळ लावून मोजा: भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतो, बालरोगतज्ज्ञ किती मिनिटांत, आणि ओ निगेटिव्हची पिशवी किती मिनिटांत. पहिले दोन आकडे वीस मिनिटांच्या वर असतील तर तुमच्याकडे आलेलं प्रत्येक अवघड बाळंतपण हे वेळेत न ओळखता आलेलं रेफरल ठरेल. शक्य असेल तर एकटीने काढूच नका. दोन-तीन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक बालरोगतज्ज्ञ मिळून काढलेलं हॉस्पिटल कर्जाच्या दृष्टीनेही हलकं पडतं आणि आठवड्यातल्या चार रात्री फोन बंद ठेवून झोपता येतं. भांडणं होतील, पैशांवरूनच होतील. म्हणून पहिल्याच दिवशी लिहून घ्या: रात्रीच्या प्रसूतीचे पैसे करणाऱ्याला की सगळ्यांत वाटून, आणि कोणी सोडून गेलं तर मशीनची किंमत कशी धरायची.

सिझर वाढण्याच्या ओरडीशीही याचा संबंध आहे, जरी तो कोणी जोडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होतं; देशभरात खासगी रुग्णालयांत ४७ टक्के, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. पैसा हे कारण आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मुहूर्ताची सिझर आहेत, 'अमावस्येला नको' आहे, कळा सोसवत नाहीत म्हणून मागणारे आहेत. पण सकाळपासून ओपीडी केलेला एकटा डॉक्टर एका पहिलटकरणीजवळ चौदा तास बसू शकत नाही, हेही तितकंच मोठं कारण आहे. संध्याकाळी सात वाजता भूलतज्ज्ञ मोकळा असतो, पहाटे तीनला असेलच असं नाही; मग निर्णय सातलाच होतो. त्या पहिल्या सिझरची किंमत पुढच्या खेपेला कळते. आधीचं एक सिझर आणि वार खाली असेल तर ती जखमेत रुतण्याची शक्यता दहात एक, दोन सिझर असतील तर दहात चार. अशा बाईला तालुक्यात हात लावू नये. आधीचं एकच सिझर आणि बाकी सगळं ठीक असेल तर नॉर्मल होण्याची शक्यता चारात तीन आहे, पण टाका उसवण्याचा धोका दोनशेत एक. तो एक जण तुमच्याकडे रात्री आला तर किती मिनिटांत पोट उघडता येईल, यावरच ट्रायल (नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न) द्यायची की नाही ते ठरतं.

सेटअपमधल्या बारीकसारीक गोष्टींत सगळ्यात दुर्लक्षित आहे तो फ्रिज. ऑक्सिटोसिन आणि कार्बोप्रोस्ट २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात लाइट गेलेल्या मेडिकल स्टोअरमधून आलेलं इंजेक्शन पाण्यासारखं वागतं आणि आपण म्हणतो पिशवी औषधाला दाद देत नाही. फ्रिजला वेगळा इन्व्हर्टर लावा, आत थर्मामीटर ठेवा, दिवसातून दोनदा नोंद करायला लावा. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट आणि त्याचा उतारा असलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट एकाच डब्यात हवं. झटके आलेल्या बाईला ४ ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम द्यायचं असतं, आणि पुढचा प्रत्येक डोस गुडघ्याचा झटका, मिनिटाला निदान १६ श्वास आणि चार तासांत १०० मिलि लघवी पाहूनच. त्या वेळी डबा शोधत बसायला उसंत नसते. आणि सिस्टर. नोंदणी असलेली जीएनएम (शिकलेली नर्स) महाग पडते म्हणून गावातल्या दहावी पास मुलीला पांढरा कोट घालून उभी करण्याची रीत आहे. तिचा पगार वाचवलेला कधीच परवडत नाही.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट पुस्तकांत नसते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी गाव बदलते, फाइल सासरी राहते, आणि तुमच्यासमोर ३६ आठवड्यांची, कोणतीही माहिती नसलेली बाई बसते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांचं अँटी-डी इंजेक्शन नेमकं या सामानाच्या आवराआवरीत राहून गेलेलं असतं. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, गट, एचआयव्ही, कावीळ बी, प्रेशर, लघवीतलं प्रोटीन आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. नसेल तर तो व्हॉट्सॲपवर तिथल्या तिथे मागवायचा.

कायद्याचं ओझं खरं आहे, पण बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी घाबरतात. मुद्दाम गुन्हा करणारे थोडे, कागदात अडकणारे जास्त. सोनोग्राफी मशीन ठेवलंत की पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा) कायदा लागू. प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ, तिची सही, तुमची सही, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. जिल्ह्यात एका डॉक्टरला दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की फॉर्ममधली त्रुटी ही 'कारकुनी चूक' म्हणून सुटणार नाही. म्हणून रिसेप्शनिस्टला फॉर्म भरायला सांगितलात तरी दिवस संपायच्या आत स्वतः तपासा, रिकामा रकाना सोडू नका. गर्भपाताच्या कायद्यात २०२१च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ पर्यंत दोघांचं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही मागणं हा आपल्याकडचा निव्वळ गैरसमज आहे. १८ खालची मुलगी असेल तर पालकांची संमती आणि पोक्सोखाली (बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली) पोलिसांना कळवणं बंधनकारक, मग ती विवाहित असो वा नसो. सोळा-सतरा वर्षांची 'विवाहित' पेशंट आपल्या भागात महिन्याला येते. पहिल्या दिवसापासून पद्धत ठरलेली असू द्या.

ग्राहक न्यायालयात डॉक्टर हरतो तो बहुधा नोंदींवर. संमती मराठीत घ्या, ज्या शस्त्रक्रियेची घेतली तेवढीच करा. दुर्बिणीने फक्त तपासायची संमती असताना भूल दिलेली आहे म्हणून आईला विचारून पिशवी काढली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये डॉक्टरविरुद्ध निकाल दिला. नोंदीत प्रत्येक वेळी घड्याळाची वेळ, ठोके, काय ठरवलं, कोणाला सांगितलं. मागून भरलेली ओळ असेल तर 'उशिरा नोंद' असं लिहून आत्ताची वेळ टाका. कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात.

स्त्रीरोगाचा, म्हणजे बाळंतपणाबाहेरचा, निम्मा भाग मी इथे थोडक्यात उरकतो. पण एक सांगायलाच हवं. अंगावरून जास्त जातंय म्हणून पिशवी काढणं हा सोपा पैसा आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा महाराष्ट्राला हे दिसलं. ते एका जिल्ह्यापुरतं नव्हतं. पस्तिशीतल्या बाईला आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, गरजेप्रमाणे आतल्या अस्तराची तपासणी, मग पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक गोळ्या, हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची मिरेना. यातलं काही न करता पिशवी आणि सोबत अंडाशयही काढली, तर ती चाळिशीच्या आत हाडं ठिसूळ झालेली, रात्री घामाने भिजणारी बाई होते. व्हजायनल हिस्टरेक्टॉमी (योनीमार्गातून पिशवी काढणं) नीट शिका. दुर्बिणीच्या दिमाखात ती मागे पडतेय, पण अंग बाहेर आलेल्या साठीतल्या बाईला कमी खर्चात तिसऱ्या दिवशी घरी पाठवणारी तीच शस्त्रक्रिया आहे. दुर्बीण, वंध्यत्व, फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळावरचे उपचार) यांच्या फेलोशिप नंतर करता येतील. कॅन्सरकडे जायचं असेल तर मात्र एमसीएच किंवा डीआरएनबी या पुढच्या पदवीची आणखी तीन वर्षं धरा.

वेळेचा हिशोब: एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, त्यात तीन महिने जिल्हा रुग्णालयात, मग बंधपत्राची सेवा. नीट-पीजीला एखादं वर्ष गेलं असेल तर तिशीपर्यंत हातात स्वतःचं काही नसतं. स्वतःचं मूल याच काळात यायचं असेल तर येऊ द्या. प्रसूती रजेने मुदत पुढे जाते एवढंच, आणि गरोदर रेसिडेंटला टोमणे मारणारं स्त्रीरोग विभाग हे चित्र दुर्दैवाने दिसतं, पण त्यासाठी पाच वर्षं पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. आपणच पेशंटला वय सांगत असतो. पन्नाशीनंतर पाठ आणि रात्री दोन्ही जड जातात. ग्रुप प्रॅक्टिसमध्ये प्रसूती तरुण भागीदाराकडे देऊन शस्त्रक्रिया आणि ओपीडीकडे वळता येतं. एकट्याला ही सोय नसते. स्वतःचं हॉस्पिटल नीट चालायला तीन ते पाच वर्षं लागतात. त्या काळात पेशंट पाठवणाऱ्याला 'कट' द्यायचा मोह होईल. एकदा सुरू केला की तो भागवण्यासाठी नको त्या तपासण्या कराव्या लागतात, आणि तिथून परत येता येत नाही.

पुरुषाने यावं का: हो. शहरात काही पेशंट 'मॅडम आहेत का' विचारतील, त्यांचा तो हक्क आहे. तपासताना खोलीत स्त्री कर्मचारी असलीच पाहिजे, अपवाद नाही. तालुक्यात रात्री रक्त थांबवणाऱ्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही.

राहिला जागेचा निर्णय. माझं मत सरकारी कॉलेजकडे झुकतं, पण डोळे मिटून नाही. दोन्ही ठिकाणी रात्री नऊनंतर जा आणि विभागप्रमुखांना नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा. महिन्याला प्रसूती किती, आणि युनिटमध्ये रेसिडेंट किती? तिसऱ्या वर्षी सिझर स्वतः करू देतात की नुसतं असिस्ट? पूर्ण उघडल्यानंतरचं सिझर कोण करतं? व्हॅक्युम लावतात की थेट टेबलावर घेतात? व्हजायनल हिस्टरेक्टॉमी हातात किती येतात? ब्लड बँक आवारात आहे का? रात्री लेक्चरर प्रत्यक्ष येतात की फोनवर 'करून टाक' म्हणतात? खासगी डीएनबीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया रोज पाहायला मिळेल, पण पेशंट सरांच्या नावावर पैसे भरून आलेली असते, त्यामुळे सुई तुमच्या हातात कितपत येईल ते तिथल्या रेसिडेंटच्या लॉगबुकात दिसेल. सरकारी कॉलेजात उलट: हात भरपूर चालेल, पण युनिटला दोनच रेसिडेंट असतील आणि वरचे येतच नसतील, तर चुकीच्या सवयी पक्क्या होतील. पूर्ण उघडल्यानंतरच्या सिझरला सिनियर शेजारी उभे राहतात, असं जिथे तीन रेसिडेंट, एकेकट्याला विचारल्यावर, सांगतील, ती जागा घ्या.